रिसाल्याचे मास्तर

१९८८ सालची संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. ग्वाल्हेरीत, शिंदे की छावनीतल्या आपल्या घराच्या ओट्यावर कान्होजी भोइटे उन्हाला पाठ देऊन बसले होते आणि शेंगा सोलत होते. वय बासष्ट. सरकारी कचेरीतली दफ्तरीची नोकरी संपून चार वर्षं झाली होती. आतून त्यांच्या पत्नी शालिनीताईंनी दोनदा बजावलं होतं की सोललेले दाणे वाटीत टाका, तोंडात नाही. तेवढ्यात फाटकाशी एक स्कूटर थांबली आणि तिच्यावरून एक मुलगा आणि एक मुलगी उतरली.

"कान्होजी आजोबा आपणच ना?" मुलगी म्हणाली. "मी दुर्गा. हजीऱ्याच्या जयसिंहराव कदमांची नात."

कान्होजी शेंगा टाकून उठलेच. जयसिंहराव म्हणजे रिसाल्यातला, म्हणजे संस्थानच्या घोडदळातला, त्यांचा जोडीदार. तो जाऊन पाच वर्षं झाली होती.

"जयसिंहाची नात! अहो, ऐकलं का, चहा टाका," त्यांनी आत हाक दिली. "आणि हे कोण?"

"हा रमाकांत. आमच्या नाटकाच्या ग्रुपमधला. शाळेत गणित शिकवतो."

रमाकांतने वाकून नमस्कार केला. चोवीस वर्षांचा, उंच, सडपातळ. चेहरा असा, की बघणाऱ्याची नजर आपोआप पुन्हा वळावी. पण त्या क्षणी तो चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा दिसत होता.

चहा येईपर्यंत दुर्गाने सगळं सांगून टाकलं. मुंबईची मंडळी आली होती. टेलिव्हिजनसाठी तेरा भागांची हिंदी मालिका करणार होती. गोष्ट एका लहानशा काल्पनिक संस्थानाची, ते संस्थान विलीन होतं त्या वर्षांची. शूटिंग इथंच, किल्ल्याच्या आसपास. गावातल्या नाटकवाल्यांची ऑडिशन झाली आणि त्यातून हे दोघं निवडले गेले. तो एका तरुण स्वाराच्या भूमिकेसाठी, ती रिसालदाराच्या मुलीच्या.

"मग अडचण काय आहे?" कान्होजींनी विचारलं.

"त्यांनी विचारलं, घोडा येतो का?" दुर्गा म्हणाली. "मी म्हटलं, नाही येत. ते म्हणाले, सीख लो. आणि हा म्हणाला, येतो."

"येतो का?"

रमाकांत कपाकडे बघत म्हणाला, "काका, मामाच्या लग्नात नवरदेवाच्या पुढे घोडीवर बसलो होतो. तेव्हा सात वर्षांचा होतो."

आत शालिनीताई इतक्या मोठ्यानं हसल्या की त्यांच्या हातून झाकण पडलं.

"दिवस किती आहेत?"

"अठरा."

कान्होजींनी उरलेल्या शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या. घोड्याच्या पाठीवर बसून त्यांना सदतीस वर्षं झाली होती.

त्यांचा जन्म याच छावनीतला. पणजोबा फौजेबरोबर दख्खनेतून आले तेव्हापासून घरात कोणी ना कोणी रिसाल्यात होतंच. साताऱ्याकडचं कुठलं तरी गाव आपलं, एवढं ऐकून माहीत. पाहिलं कोणीच नव्हतं. कान्होजी अठराव्या वर्षी भरती झाले आणि एकविसाव्या वर्षी नव्या रंगरुटांना घोडेस्वारी शिकवू लागले. वयानं मोठे लोकही त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या दिमतीला हरणी नावाची एक तांबूस घोडी होती. पागेत चाळीस जनावरं असली तरी कान्होजींचं पाऊल वाजलं की तिचे कान ताठ होत.

मग संस्थान गेलं, मध्यभारत आलं. पलटणीला पहिली दोन वर्षं काही फरक जाणवला नाही. सकाळची परेड तीच, दाणापाणी तेच. नंतर दिल्लीहून अधिकारी आले. फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिळवायची होती. पायदळातले बरेच जण घेतले गेले. घोड्यांना मात्र कुठे जागा नव्हती. कान्होजींना विचारलं गेलं, की ट्रकचं ड्रायव्हिंग शिकाल का? ते म्हणाले, "साहेब, जे आपल्याला ओळखत नाही त्याच्यावर बसायची मला सवय नाही." साहेब हसला आणि त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. पंचविसाव्या वर्षी कान्होजी घरी आले.

पुढे ओळखीनं मध्यभारत सरकारच्या कचेरीत दफ्तरीचं काम मिळालं. कागदांचे बस्ते बांधायचे, सोडायचे, मागतील ती फाइल काढून द्यायची. छप्पन साली नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि कान्होजींनी जे बस्ते बांधले होते त्यांच्याबरोबर त्यांनाही जावं लागलं. चार वर्षं भोपाळात एका खोलीत चौघं राहिले. शालिनीताई इथं सासू-सासऱ्यांपाशी. मग ग्वाल्हेरीतल्या एका कचेरीत जागा निघाली, अर्ज केला, परत आले. संसार झाला, मुलगी उषा इंदूरला दिली. या सगळ्यात घोड्याचा विषय घरात कोणी काढत नसे. शालिनीताईंनी लग्नानंतर एकदाच काढला होता, तेव्हा ते जेवणावरून उठून गेले होते.

म्हणून त्या दिवशी त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. कान्होजींनी आणखी चार शेंगा सोलल्या आणि म्हणाले, "घोडा कुठून आणणार?"

शालिनीताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि गुपचूप आत गेल्या.

*

घोडा दुर्गानं आणला. म्हणजे घोडीच. हजीऱ्यात लग्नाची घोडी पुरवणारा एकजण होता. पौषात मुहूर्त नव्हते, पुढेही मुहूर्ताच्या तारखा सोडून घोडी मोकळीच होती. रानी तिचं नाव. पांढरी, पोक्त, थोडी सुटलेली. कान्होजींनी पहिल्या सकाळी तिच्याभोवती एक फेरी मारली, पाय उचलून खूर पाहिले, दात पाहिले, मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग खिशातून गुळाचा खडा काढून तळहातावर धरला.

"आता बसायचं का?" दुर्गानं विचारलं.

"आता खरारा करायचा," कान्होजी म्हणाले आणि घोडं घासायचा ब्रश त्यांनी तिच्या हातात दिला.

पहिले चार दिवस त्यांनी दोघांना पाठीवर बसूच दिलं नाही. पहाटे सहाला किल्ल्याच्या पायथ्याशी मोकळ्या मैदानात यायचं, धुक्यात. अंग घासायचं, खुरातली माती काढायची, तोबऱ्याच्या पिशवीत चंदीचा दाणा भरायचा, लगाम धरून तिच्या बाजूनं चालायचं. दुर्गाचा जीव वरखाली व्हायचा.

"आजोबा, ऐसे तो अठरा दिन निकल जाएँगे. आम्हाला बसायचंय, मालिश नाही करायची."

"बाई, तू बसशील. प्रश्न तिनं बसू द्यायचा आहे."

रमाकांत मात्र एका शब्दानं कुरकुर करत नसे. इतका मन लावून खरारा करी की रानी डोळे मिटून घेई. कान्होजींनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दुर्गा पाणी आणायला गेली असताना सरळ विचारलं, "रमाकांतराव, भीती वाटून राहिली आहे ना?"

रमाकांतचा हात थांबला. "खूप वाटते, काका. रात्री झोप नाही येत. वाटतं, जाऊन सांगून द्यावं की मी खोटं बोललो." थोडं थांबून म्हणाला, "पण हे पहिलंच मोठं काम आहे. शाळेत हेडमास्तर म्हणाले, रजा घेताय तर परत याल तेव्हा जागा असेलच असं नाही. तरी घेतली. आता घोड्यावरूनच परत पाठवलं तर घरी काय तोंड दाखवू?"

"मला पण वाटायची," कान्होजी म्हणाले.

"आपल्याला?"

"भरती झालो तेव्हा. तीन महिने. आमच्या उस्तादांनी सांगितलं होतं, भीती लपवू नको, घोड्याला ती आधीच कळते. तिला सांगून टाक आणि मग बस."

"तिला सांगू?"

"सांगा की. कोण ऐकतंय इथं."

रमाकांतनं इकडेतिकडे पाहिलं आणि खरंच रानीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. काय बोलला ते कान्होजींनी कधी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी दोघं बसली. दुर्गाची मांड उपजतच चांगली होती. पाठ ताठ, टाचा खाली, दुसऱ्याच दिवशी ती दुडक्या चालीनं मैदानाला फेरी मारू लागली. रमाकांत दोनदा पडला. एकदा गवतात, एकदा नको तिथं. तिसऱ्यांदा पडला नाही तेव्हा घोडीच्या मालकानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. नवव्या दिवशी वेगळाच प्रसंग झाला. मैदानाकडच्या रस्त्यानं कुठल्याशा शाळेची प्रभातफेरी निघाली, पुढे बँड. ढोल वाजला मात्र, रानीनं मान वर केली, पुढचे पाय उचलले आणि जागच्या जागी नाचायला लागली. वर रमाकांत. सगळी फेरी थांबून बघायला लागली, बँडवाल्यांना चेव चढला.

"काका, ब्रेक कुठे आहे?" रमाकांत ओरडला.

"बसून राहा! नाचू द्या तिला! कमर ढिली सोडा!"

तो बसून राहिला. पाच मिनिटं घोडी नाचली आणि तो तिच्याबरोबर हलत राहिला. बँड पुढे गेला तेव्हा खाली उतरून त्यानं घामानं निथळलेलं तोंड पुसलं आणि म्हणाला, "अब कोई भी घोडा ले आओ." दुर्गा हसून हसून जमिनीवर बसली होती. कान्होजींनी घरी येऊन ती गोष्ट शालिनीताईंना उभं राहून, स्वतः घोडी होऊन करून दाखवली. कितीतरी वर्षांत त्यांनी नवऱ्याला असं पाहिलं नव्हतं.

*

शूटिंग सुरू झालं तेव्हा दोघांनी हट्ट धरला की काका बरोबर हवेत. दिग्दर्शक विश्वासराव पुण्याकडचे, मुंबईत राहणारे, शांत स्वभावाचे. त्यांनी कान्होजींसाठी एक खुर्ची टाकायला सांगितली. कान्होजी खुर्चीवर बसले नाहीत. शूटिंगसाठी आणलेल्या घोड्यांपाशीच राहिले आणि दुसऱ्या दिवशीपासून तिथल्या मोतद्दारांना, घोडे सांभाळणाऱ्यांना, सूचना द्यायला लागले.

आठव्या दिवशी मोठा प्रसंग होता. रिसाला मोडतो, घोडे विकले जातात आणि रमाकांतचा स्वार आपल्या घोडीचा निरोप घेतो. संवाद दीड पानाचे होते. रमाकांतनं घोडीच्या गळ्यात पडून ते म्हटले. स्वामीनिष्ठा आली, रणांगण आलं, मातीचं ऋण आलं. शेवटी तो हुंदके देऊन रडला. पोरगा नट चांगलाच. कॅमेऱ्यामागच्या बायकांनी डोळे पुसले.

"कट! बढिया!" विश्वासराव म्हणाले आणि सहज त्यांनी कान्होजींकडे पाहिलं. कान्होजी वळून चालायला लागले होते.

विश्वासराव मागून गेले. "मास्तर, काही चुकलं का?"

"नाही, नाही. छान केलं पोरानं."

"मग आपण निघालात कशाला?"

कान्होजी थांबले. "तसं नव्हतं झालं, साहेब. एवढंच."

"कसं झालं होतं?"

दुर्गा आणि रमाकांतही जवळ येऊन उभे राहिले होते. कान्होजींना निघून जाणं सोपं होतं. पण रमाकांतच्या गालावर अजून खोटे नव्हे, खरे अश्रू होते. ते पाहून त्यांना वाटलं, याला तरी सांगायला हवं.

"त्या दिवशी कोणी बोललंच नाही," ते म्हणाले. "वेळ कुठे होता? चाळीस जनावरं तयार करायची होती. मी हरणीला दोनदा खरारा केला. तिला हजीऱ्याच्या एका टांगेवाल्यानं घेतलं. तो दोरी धरून निघाला तेव्हा मला एकदम आठवलं की याला काहीच माहीत नाही. मी त्याच्यामागे धावलो. म्हटलं, हे बघा, हिच्यावर डावीकडूनच हात घालायचा, उजवीकडून दचकते. पाणी थंड असेल तर पीत नाही, थोडं ऊन दाखवायचं. हिरव्या चाऱ्यात मेथी आली तर पोट धरतं. उघडलेल्या छत्रीला भिते. फाटकापर्यंत मी सांगतच राहिलो. तो हसायला लागला. म्हणाला, 'उस्ताद, घोडी दे रहे हो कि बेटी?' मग तो गेला. मी पागेत येऊन झाडलोट केली, कारण ती माझी पाळी होती."

दुर्गानं विचारलं, "परत दिसली ती?"

"गावातच होती. जाईल कुठे? वर्षभर मी हजीऱ्याकडचा रस्ताच टाळला. नंतर एकदा कचेरीच्या कामानं जावं लागलं, तर स्टँडवर उभी. टांग्याला जुंपलेली. मी डावीकडून गेलो. तिनं बाहीचा वास घेतला. टांगेवाल्यानं मला ओळखलं. म्हणाला, उस्ताद, छत्रीचं आपण बरोबर सांगितलं होतं. मी सवारीला आधी छत्री बंद करायला सांगतो, नाही तर टांग्यात घेत नाही. तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. पुढे भोपाळला जाईपर्यंत दर रविवारी मी त्याच्या शेजारी पुढच्या बाकावर बसून एक फेरी मारायचो. घरी सांगितलं नव्हतं. घरी वाटायचं, देवळात जातो."

विश्वासरावांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. दीड पानाचे संवाद त्यांनी घडी करून खिशात ठेवले. "लंच घ्या सगळे," ते म्हणाले. "नंतर परत करू."

जेवणानंतर त्यांनी रमाकांतला फक्त एवढंच सांगितलं, की टांगेवाला घोडी घेऊन निघालाय, तू त्याच्यामागे जा आणि तिच्या सवयी सांग. शब्द तुझे. टांगेवाल्याच्या कामाला एक स्थानिक नट बोलावला होता, पण विश्वासराव कान्होजींसमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, टांगेवाला आपण करता का?"

"मी? मला कुठे येतं?"

"काही करायचं नाही. दोरी धरून चालायचं, ऐकायचं आणि शेवटी हसून ते वाक्य म्हणायचं."

कान्होजींना डोक्याला मुंडासं बांधलं, अंगात मळकी बंडी चढवली. पहिल्या वेळी ते कॅमेऱ्याकडे बघत चालले. दुसऱ्या वेळी घोडीच थांबली. तिसऱ्या वेळी सगळं नीट झालं. रमाकांत धावत आला, आणि धापा टाकत, एकेक आठवत, सांगू लागला. हरणीच्या सवयी त्यानं हुबेहूब लक्षात ठेवल्या होत्या. बोलता बोलता त्याचा हात घोडीच्या मानेवर फिरत होता, खरारा करतात तसा, केसांच्या दिशेनं. रडण्याचं नाव नव्हतं. पुढचं वाक्य विसरू की काय अशी घाई फक्त होती.

कान्होजी ऐकत होते. हसण्याची वेळ आली आणि त्यांना हसू येईना. त्या टांगेवाल्याला ते तेव्हा मनातून शिव्या देत परतले होते. आज त्याच्या जागी उभं राहिल्यावर त्यांना वाटलं, हा पोरगा एवढं सांगतोय, ते आपल्या ध्यानात राहायला हवं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "छाते से डरती है. अच्छा. और?"

हे कुठल्याच कागदावर नव्हतं. रमाकांतनं घोडीची मान एकदा थोपटली. मग म्हणाला, "और... बस, इतना ही."

"ठीक है बेटा," कान्होजी म्हणाले आणि दोरी धरून निघाले.

विश्वासरावांनी कट म्हणायला बराच वेळ लावला.

*

मालिका त्याच वर्षी दिवाळीनंतर लागली. सहाव्या भागाच्या संध्याकाळी शेजारची तीस-पस्तीस माणसं कान्होजींच्या पुढच्या खोलीत आणि ओट्यावर बसली होती. इंदूरहून उषा आली होती. तो प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा. झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "कान्होजीराव, आपण तर ऐकूनच घेतलं नुसतं, ॲक्टिंग कुठे केली?" सगळे हसले, कान्होजीही हसले. शालिनीताईंनी सगळ्यांना चिवडा वाटला आणि त्यांच्यापाशी आल्यावर हळूच म्हणाल्या, "दर रविवारी देवळात जात होतात ना? दुर्गानं सांगितलं सगळं." इतकंच.

दुर्गाला त्या मालिकेनंतर मुंबईहून बोलावणं आलं. तिच्या वडिलांची पुष्कळ नाराजी होती. कान्होजी त्यांच्याकडे जाऊन दोन तास बसले आणि जयसिंहरावांच्या रिसाल्यातल्या उनाडक्या सांगत राहिले, तेव्हा कुठे त्यांचा राग मावळला. तिथं तिला लगेच काही मोठं मिळालं नाही. नायिकेची बहीण, नर्स, वकील अशी कामं करत ती टिकली आणि दहा-बारा वर्षांनी घराघरांत ओळखीची झाली. रमाकांतनं आणखी दोन मालिका केल्या. दुसरीत त्याचं काम अर्ध्यातच संपवलं गेलं, तेव्हा तो परत आला. शाळेनं त्याला खरंच जागा दिली नाही. दुसऱ्या शाळेनं दिली, आणि तिथं तो गणिताबरोबर नाटकही बसवू लागला. त्याचं वाईट वाटतं का, असं कान्होजींनी एकदा विचारलं, तर म्हणाला, "काका, पहिल्या सहा महिन्यांत वाटायचं. आता पोरं स्टेजवर घाबरतात ना, तेव्हा मला काय सांगायचं ते नेमकं माहीत असतं."

विश्वासरावांनी पुढच्या वर्षी एका कामासाठी कान्होजींना जयपूरला बोलावलं. शालिनीताईही गेल्या. त्यांच्या आयुष्यातला तो पहिलाच प्रवास, ज्यात कोणाचं लग्न नव्हतं की मयत नव्हतं. तिथं कान्होजींनी एका नव्या नटाला दहा दिवसांत घोड्यावर बसतं केलं आणि शालिनीताईंनी लाखेच्या बांगड्या घेतल्या.

त्यानंतर ग्वाल्हेरीत त्यांचं नाव झालं. नाटकाच्या ग्रुपमधली मुलं हिवाळ्यात पाळीपाळीनं मैदानावर येत. कोणाला पौराणिक मालिकेत काम मिळालेलं असे, कोणाला मिळेल अशी आशा असे. शहात्तराव्या वर्षापर्यंत कान्होजी पहाटे सहाला तिथं हजर असत, कानटोपी आणि मफलर घालून.

शेवटच्या हिवाळ्यात एक मुलगी एकटीच आली. दर्पण कॉलनीत राहणारी, कॉलेजात जाणारी, हातात वह्या.

"कुठल्या सीरियलसाठी?" कान्होजींनी विचारलं.

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "मला फक्त शिकायचंय. ऐसे ही. चालेल ना?"

कान्होजींनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. "उद्या जुने कपडे घालून या," ते म्हणाले. "आणि वह्या घरी ठेवा."